तळमजल्यावर नुकसान नाही

वसई, २८ एप्रिल

दादा,

चौथी वीट बसत नाही. पलंगाचा पाय एका हाताने उचलायचा आणि दुसऱ्या हाताने वीट सरकवायची, हे गेल्या वर्षापर्यंत जमत होतं. आता हे पलंगावर असतात. ह्यांना खाली उतरवता येत नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या सुझानला हाक मारली आहे. ती येईपर्यंत लिहायला बसले.

फोन करू नकोस. अर्धांगाच्या झटक्यात ह्यांची वाचा गेली, उजवी बाजू गेली, कान गेले नाहीत. दोन खोल्यांच्या घरात फोनवर मी "बरं आहे" एवढंच बोलू शकते. मेसेजही नको. मोबाइल ह्यांच्या उशाशी असतो आणि डाव्या हाताने हे सगळं उघडून वाचतात. पत्र मात्र पेटीतून मीच काढते.

समोरचा रस्ता पुन्हा उंच केला. पूर्वी रस्त्यावरून आमच्या दारात यायला एक पायरी चढावी लागायची, आता दोन उतराव्या लागतात. गेल्या पावसात पाणी तिसऱ्या विटेला टेकलं होतं. यंदा कुठे टेकेल ते तू इंजिनिअर आहेस, तूच सांग.

मी घर विकायला काढलं आहे. दुसऱ्या मजल्यावरचं एक घर बंद आहे, मालक दुबईला असतात, द्यायला तयार आहेत. इमारतीला लिफ्ट नाही, पण ह्यांना एकदाच वर न्यायचं आहे. पावसाच्या आत हे झालं पाहिजे. मला दुसरं काही नको.

एक गंमत सांगते. मागे दोन मुली टॅब घेऊन आल्या होत्या. पुराचा सर्व्हे. घरात किती पाणी येतं, काय भिजतं, कामाचा खाडा किती होतो. आमचे सेक्रेटरी पाटकर, त्यांनी आदल्या दिवशीच ग्रुपवर टाकलं होतं: "कोणीही तोंड उघडायचं नाही. घरांचा रेट पडेल." दर दिवाळीला सोसायटी तळमजल्याच्या भिंतींवरची पाण्याची रेघ रंगवून घेते, त्यातलाच प्रकार. सगळ्यांनी सांगितलं, आमच्याकडे पाणी येतच नाही. समोरच्या विमलाताईंनी तर त्या मुलींना कोकम सरबत दिलं. एकीची नजर आमच्या पलंगाखालच्या विटांवर गेली. मी म्हटलं, मला वाकता येत नाही, ह्यांचं करायला उंच पलंग बरा पडतो. चटकन सुचलं. ह्यांनी डोळे मिटून घेतले.

सुझान आली.

वसू


पुणे, ३ मे

प्रिय वसू,

पत्र मिळालं. दोनदा वाचलं.

त्या मुली आमच्या ऑफिसने नेमलेल्या होत्या. वसई-विरारमध्ये पुरासाठी कुठे कोणता उपाय करावा, त्याला खर्च किती आणि त्यातून नुकसान किती वाचेल, हे मांडायचं काम वर्षभर आमच्याकडे आहे. तुझा भाग मी मुद्दाम स्वतःकडे घेतला नाही. बहीण तिथे राहते, ते बरं दिसलं नसतं. म्हणून तुलाही कधी बोललो नाही.

पद्धत साधी आहे. प्रत्येक गल्लीसमोर दोन आकडे मांडतात, उपायाचा खर्च आणि वाचणारं नुकसान. दुसरा मोठा असेल तर उपाय होतो. तुमच्या गल्लीसाठी तीन उपाय तपासले होते: रस्त्याखालची मोरी रुंद करणं, पंप बसवणं, आणि मागे बुजवलेलं बावखल पुन्हा मोकळं करणं. वाडीतलं ते जुनं तळं सगळ्यांत स्वस्त पडत होतं. तिन्ही बाद झाले. तुमच्या गल्लीत कुठल्याही तळमजल्यावर नुकसान नाही, अशी नोंद आहे. जिथे काही बुडत नाही तिथे काही वाचतही नाही.

अजून वेळ गेलेली नाही. मे संपायच्या आत सोसायटीने लेटरहेडवर खरी परिस्थिती लिहून दिली तर मी ते पुढे नेऊ शकतो. एकट्यादुकट्याचं नको, सोसायटीचं हवं. पाटकरांशी बोल. माझं नाव सांगू नकोस.

बाकी विशेष काही नाही. सदानंदरावांना नमस्कार सांग. पुण्याला या, चार दिवस.

श्रीरंग


वसई, ११ मे

दादा,

तुझ्या नोकरीवर काही आलं आहे का? पत्राचा सूर तसा वाटला. तसं असेल तर स्पष्ट लिही. आमच्यापायी तू अडचणीत यायला नको.

गच्चीवर मीटिंग झाली. मी विषय काढला. पाटकर वाईट माणूस नाहीत. ह्यांना दवाखान्यातून आणलं तेव्हा गाडी त्यांनीच आणली होती. ते शांतपणे म्हणाले, "वहिनी, बिल्डर दारात उभा आहे. नवीन बिल्डिंग झाली की तळमजलाच राहणार नाही, खाली नुसतं पार्किंग. आता कशाला पाण्याचं नाव काढता?"

"कधी होईल ते?"

"प्रोसेस चालू आहे."

"तोवर ह्यांना कुठे ठेवू?"

मागून चौथ्या मजल्यावरचे एक जण म्हणाले, "पार्किंगमध्ये." सगळे हसले. मीही हसले. नको तिथे हसू येतं मला, तुला माहीत आहे.

मला वाटलं होतं तळमजल्यावरचे तरी बाजूने बोलतील. विमलाताई म्हणाल्या, "तू आज लिहून देशील आणि उद्या माझं घर कोण घेईल गं? तुझ्याकडे आजारी माणूस आहे म्हणून सगळे ऐकून घेतात. माझ्याकडे तेही नाही."

सुझान एकटी बोलली. "इथे बावखल होतं. माझी सासू भुईगावहून या वाडीत कामाला यायची. केळींना त्याच पाण्यावर रहाट चालायचा. तुम्ही किती रंग मारा, पाण्याला जागा ठाऊक आहे."

"सुझानबाई, तुम्ही तिसऱ्या मजल्यावर राहता," पाटकर म्हणाले.

"म्हणून तर बोलू शकते."

लिहून द्यायचं नाही असं ठरलं. हात वर करून. माझा हात खाली राहिला, वर करायचा की नाही ते मला वेळेवर कळलं नाही.

आता खरं सांगते. मला गिऱ्हाईक मिळालं आहे. विघ्नेश वालीवला कंपनीत आहे, बायको रिद्धी, सहा महिन्यांची मुलगी. दोनदा घर बघून गेले. रिद्धीने भिंतीवरून हात फिरवला. "काकू, रंग नवीन आहे का?" मी म्हटलं, दरवर्षी देतो. हे खोटं नाही. पाळणा कुठे ठेवायचा ते तिने ठरवलं, खिडकीखाली. मी त्या खिडकीकडे बघत राहिले.

महिनाभर थांब. सौदा होऊ दे, हे वर जाऊ देत. मग मी माझ्या हाताने तुला हवं ते लिहून देईन.

पुण्याला या, असं तू प्रत्येक पत्रात लिहितोस. नेहमी शेवटी लिहितोस.

वसू


पुणे, १६ मे

प्रिय वसू,

माझी नोकरी ठीक आहे. मी तुझ्यापासून एक गोष्ट लपवली, तिचा सूर तुला लागला असेल.

तुमच्या मागच्या नाल्याच्या पलीकडची गल्ली तुला माहीत आहे. तिथल्या लोकांनी त्याच मुलींना सगळं सांगितलं. फ्रिज, गाद्या, दुकानातला माल, मुलांची बुडालेली शाळा. त्यांचा आकडा मोठा आला. त्यांच्या बाजूने नाल्याला उंच भिंत मंजूर झाली आहे. काम सुरू आहे. ठोकाठोक तुला ऐकू येत असेल.

नाला भरला की पाणी दोन्हीकडे वाटलं जायचं. आता ते एकाच बाजूला येईल. भिंतीमुळे तुमच्याकडे जे वाढेल ते भिंतीच्या खर्चात धरायला हवं, असा नियम आहे, आणि तो पाळला गेला. तुमच्याकडे नुकसान होतच नाही, तेव्हा वाढणार काय? खर्चात काही पडलं नाही. कागद बरोबर आहे. मी तो तपासला.

यंदा पाणी चार विटांवर थांबणार नाही. त्या मुलांना ते घर विकू नकोस. आणि तू तिथे राहूही नकोस. ही दोन वाक्यं एकत्र कशी पाळायची ते मला माहीत नाही.

लगेच उत्तर दे.

श्रीरंग


पुणे, २ जून

प्रिय वसू,

उत्तर आलं नाही. तू घर विकलंस की काय, हे विचारायला दोनदा फोन हातात घेतला. सदानंदराव ऐकतील म्हणून ठेवला.

मुदत संपत होती. मी तुझं अठ्ठावीस एप्रिलचं पत्र साहेबांना दाखवलं. दुसरा पुरावा माझ्याकडे नव्हता. त्यांनी ते वाचलं आणि फायलीला लावून घेतलं. तुमच्या गल्लीची नोंद दुरुस्त होईल, असं ते म्हणाले. पुराच्या नकाशाचा नवा मसुदा लोकांच्या हरकतींसाठी खुला केला आहे, कोणीही बघू शकतं.

तुला न विचारता केलं. विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस आणि मला ऐकावं लागलं असतं.

श्रीरंग


वसई, १२ जून

दादा,

नोंद दुरुस्त झाली. विघ्नेशने मोबाइलवर मला नकाशा दाखवला. सगळी गल्ली पांढरी, आणि आमच्या बिल्डिंगच्या कोपऱ्यात एक लाल ठिपका. तो बोटांनी मोठा करत गेला, करत गेला. आमचं दार.

"काकू, पूर्ण गल्लीत फक्त तुमच्याच घरात पाणी कसं काय येतं?"

मी सांगितलं, सगळ्यांच्या घरात येतं. त्याने समोरचं दार वाजवलं. विमलाताई बाहेर येऊन म्हणाल्या, "अरे, तिच्या बाथरूमची लाइन चोकअप आहे. तुंबतं ते. सोसायटीचा काय संबंध?"

विघ्नेश-रिद्धीने मला दिलेला बयाणा परत नेला आणि विमलाताईंना दिला. तेच घर, आरशात दिसावं तसं उलटं. विमलाताई मुलाकडे डोंबिवलीला गेल्यासुद्धा.

रिद्धीला मी जिन्यात गाठलं. नाल्याची भिंत, विटा, रंग, सगळं सांगितलं. मुलगी तिच्या खांद्यावर झोपली होती. ती ऐकून घेत होती. मग तिने माझ्या हातावर हात ठेवला. म्हणाली, "काकू, तुमचा सौदा मोडला, मला समजतं हो." तिला माझी कीव आली, दादा. तिची मला येत होती तेवढीच.

तुझ्या सोळा मेच्या पत्राला उत्तर का दिलं नाही ते विचारू नकोस. मी त्यांना विकणार होते. पत्र वाचूनही विकणार होते. खिडकीखालचा पाळणा मी रोज डोळ्यांपुढून ढकलत होते आणि ह्यांना दुसऱ्या मजल्यावर बघत होते. तू ठिपका दिलास, त्यामुळे मला ते करावं लागलं नाही. त्याबद्दल तुझे उपकार मानायचे की काय, ते मला ठरवता येत नाही.

पाटकरांनी मला ग्रुपमधून काढलं. मोटर कधी लावणार, नाला कुठवर भरला, हे सगळं त्या ग्रुपवर येतं. आता मी दारात उभी राहून बघते.

तू पत्र फायलीला लावलंस. त्यात ह्यांनी डोळे मिटल्याचं होतं. ते तुझ्या साहेबांनी वाचलं.

वसू


पुणे, १८ जून

प्रिय वसू,

त्या ओळीवर कागद ठेवून झेरॉक्स काढायला हवी होती. सुचलं नाही.

काय झालं ते लिहितो. साहेबांनी नोंद घरापुरती दुरुस्त केली. पत्र एका घराचं होतं. एका घरासाठी मोरी रुंद होत नाही आणि बावखलही मोकळं होत नाही. तुमच्या गल्लीचा आकडा शून्यावरून हलला, खर्चापर्यंत पोचला नाही. तुझ्या घरापुढे आता एक उपाय लिहिला आहे. सगळ्यांत कमी खर्चाचा. "घर रिकामं करणे."

घराचं नुकसान काढताना बुडालेला पगार धरतात. सदानंदरावांना पगार नाही, तुलाही नाही. मग वस्तू मोजतात. पलंग, कपाट, मिक्सर, देव्हारा. मी स्वतः बसून मांडून पाहिलं. फार होत नाही.

पावसाळ्यानंतर गल्लीचा पुन्हा सर्व्हे करतो, असं साहेब म्हणाले आहेत. पाणी आलं तर ओसरल्याबरोबर रेघेवर पेन्सिलने खूण कर, तारीख लिही, फोटो काढ. रंग लागायच्या आधी.

आणि हे शेवटी लिहीत नाही, मध्ये लिहितो. पुण्याला या. दोघंही, चार दिवसांसाठी नाही. पुढची खोली मी रिकामी केली आहे. इथून ॲम्ब्युलन्स घेऊन मी स्वतः येईन. सदानंदराव नाही म्हणतील, त्यांनी आमच्या घरी कधी पाणीही मागून घेतलं नाही, मला माहीत आहे. त्यांना विचारू नकोस. तारीख कळव.

हे पत्र पोचल्यावर तरी फोन कर. नुसतं "बरं आहे" म्हण, मी समजेन.

श्रीरंग


वसई, २३ जुलै

दादा,

ॲम्ब्युलन्स घेऊन ये. कधीही ये.

महिना लागला, कारण मी ह्यांना विचारलं. न विचारता ह्यांचं सगळंच करते, कपडे बदलते, कूस बदलते, घर विकायला काढते. हे एक विचारून करावं असं वाटलं. मी रोज विचारायची आणि हे भिंतीकडे तोंड करायचे. आज सकाळपासून पाऊस धरून आहे. आता विचारलं तर ह्यांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं. सोडलं नाही. त्याचा अर्थ हो, असा मी घेतला आहे. येताना एक

पाणी आलं. बाथरूमच्या जाळीतून. ह्यांना

आता जिन्यात बसून लिहिते आहे. संध्याकाळ झाली. कागद कोरडे राहिले, ब्लाउजमध्ये होते.

दारातून येईल म्हणून मी दाराला पोतं लावत होते. ते आतून आलं. मग खिडकीखालून. मग दार आपोआप उघडलं. पाच-सात मिनिटांत माझ्या गुडघ्यावर. ग्रुप नव्हता. मी दारात उभी राहून पातेल्यावर डाव मारत राहिले. समोरून विघ्नेश मुलीला डोक्यावर धरून बाहेर पडला. तिला रिद्धीकडे देऊन तो परत फिरला, माझ्या घरात आला. "काका कुठे?" म्हणाला. जणू काका कुठे गेले असतील.

पाटकर वरून प्लास्टिकची खुर्ची घेऊन धावत आले. पार्किंगमध्ये ठेवा म्हणणारे चौथ्या मजल्यावरचे तेही आले. ह्यांना खुर्चीत बसवलं आणि माझ्या साडीने खुर्चीला बांधलं. पाणी गादीला लागलं होतं. डोकं पाटकरांनी धरलं. जिना अरुंद, वळणावर खुर्ची अडकायची, पाटकर ह्यांच्या कानाशी "झालं सर, झालं, आलं घर" म्हणत होते. कोणी मला काही ऐकवलं नाही.

दुसऱ्या मजल्यावर ह्यांना धाप लागली. ओठ काळे पडले. सुझान वरून ओरडली, "खाली ठेवा, हलवू नका." म्हणून तिथेच ठेवलं. दुबईवाल्यांच्या दारासमोर. दाराला कुलूप आहे. किल्ली पाटकरांकडेही नाही, त्यांनी दुबईला फोन लावला, लागत नाही. सुझानने गादी आणली, कुलपाखाली अंथरली.

ह्यांना वर न्यायचं होतं ना, दादा. नेलं.

रिद्धी दोन पायऱ्या खाली मुलीला घेऊन बसली आहे. मघाशी दुधाची बाटली गरम करून आणली तेव्हा ह्यांच्यासाठीही वाटीत थोडं घेऊन आली. चमच्याने तिनेच पाजलं. निम्मं ओघळलं, निम्मं गेलं.

तुझा फोन येतो आहे, बघते आहे. सुझानच्या फोनवर येतो, तिचा नंबर कुठून मिळवलास कोण जाणे. बोलता येणार नाही, हे जागे आहेत. ये. पत्ता सांगताना तळमजला सांगू नकोस, दुसरा मजला सांग. दाराबाहेर.

२४ जुलै

सकाळी पाणी उतरलं. पेन्सिल घेऊन खाली गेले. पलंग विटांवरून सरकून स्वयंपाकघराच्या दारात आडवा झाला आहे. रेघ पलंगाच्या बरीच वर होती. मी खूण केली, तारीख लिहिली, फोटो काढायला मोबाइल शोधला, तो गादीखाली भिजलेला मिळाला.

नऊच्या सुमारास पाटकर रंगाऱ्याला घेऊन आले. भिंत ओली आहे, रंग धरणार नाही, असं तो म्हणाला. पाटकर म्हणाले, आता नुसता चुना मार. मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "वहिनी, तुमच्याकडून सुरू करू?"

मी काही बोलायच्या आधी समोरच्या दारातून रिद्धी बाहेर आली. तिच्या हातात झाडू होता.

"नाही," ती म्हणाली, "आधी आमच्याकडे मारा."